‘टाके किती पडले?’ हा प्रश्नच चुकीचा. पहिल्या बाळंतपणात गंभीर इजा झाली असेल तर दुसऱ्याचं नियोजन कसं करायचं?

माझ्या मावसबहिणीचं पहिलं बाळंतपण २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालं. बाळ साडेतीन किलोच्या वर होतं, शेवटी व्हॅक्यूम लावावा लागला. मुलगी रडली, बाहेर पेढे वाटले गेले आणि ताईला प्रसूतीच्या टेबलावरून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा मावशीने नर्सला विचारलं, “टाके किती पडले?” नर्स म्हणाली, “थोडे जास्त आहेत.” घरी जाताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डवर एवढंच होतं: नॉर्मल डिलिव्हरी, टाके.

आता ताई पुण्यात असते आणि दुसऱ्यांदा गरोदर आहे. पहिल्याच तपासणीला डॉक्टर मॅडमनी विचारलं, “मागच्या वेळी टेअर कितव्या डिग्रीचा होता?” ताईने माझ्याकडे पाहिलं, मी कार्डाकडे. जुन्या हॉस्पिटलला फोन केला तर उत्तर मिळालं की इतके जुने केसपेपर आम्ही ठेवत नाही.

दुसरं बाळंतपण कसं करायचं, हा निर्णय ज्या एका ओळीवर अवलंबून होता ती ओळ कुणी लिहिलीच नव्हती. माझ्या मते आपल्याकडच्या ‘नॉर्मल की सिझर’ या न संपणाऱ्या वादात हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहिली आहे.

आकडा नको, खोली हवी

बाळंतिणीला भेटायला आलेली प्रत्येक बाई टाके मोजते. सात, अकरा, “मोजलेच नाहीत गं”. या आकड्यांना तसा काही अर्थ नाही. आतल्या थरांची शिवण बऱ्याचदा विरघळणाऱ्या एकाच धाग्याने सलग घालतात. मग मोजणार काय? मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे (त्यातली नोकरी कधी केली नाही, आईला अजून वाईट वाटतं), पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही मशीन बिघडलं तर पहिला प्रश्न कुठला भाग तुटला हा असायचा. किती बोल्ट लावले, हे कुणी विचारत नसे.

योनीमार्गाचं तोंड आणि गुदद्वार यांच्यामध्ये काही सेंटिमीटरची जागा असते. बाळाचं डोकं बाहेर येताना ती ताणली जाते आणि बऱ्याच बायकांना तिथे थोडंफार फाटतं. नुसती त्वचा किंवा आतलं नाजूक आवरण फाटलं तर पहिली डिग्री. त्याखालचे स्नायू फाटले तर दुसरी. डॉक्टर ‘कट देतात’, म्हणजे एपिसिओटॉमी करतात, तोही साधारण दुसऱ्या डिग्रीइतका खोल असतो. या जखमा दुखतात, बसायला त्रास होतो, पण नीट शिवल्या तर बहुतेक बऱ्या होतात.

खरी रेषा इथे आहे. जखम गुदद्वाराभोवतीच्या आवळणाऱ्या स्नायूपर्यंत पोचली की ती तिसरी डिग्री. या स्नायूला डॉक्टर स्फिंक्टर म्हणतात आणि तो दुहेरी असतो. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो; संडासला घाई झाली तरी आपण थांबू शकतो ते त्याच्यामुळे. आतला आपोआप काम करतो आणि आपण झोपेत असतानाही दार बंद ठेवतो. बाहेरचा अर्ध्यापेक्षा कमी फाटला तर ३ए, अर्ध्यापेक्षा जास्त फाटला तर ३बी, आतलाही फाटला तर ३सी. गुदमार्गाचं आतलं अस्तरसुद्धा फाटलं तर चौथी डिग्री.

म्हणजे ‘थर्ड डिग्री’ एवढं कळलं तरी पुरत नाही. ए, बी की सी हेही हवं. आणि ताईच्या कार्डवर होतं ‘टाके’.

हे कुणाला होतं?

ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार तिथे योनीमार्गे पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या शंभरातल्या साधारण सहा जणींना तिसऱ्या-चौथ्या डिग्रीची इजा होते. पहिलं बाळंतपण, चार किलोच्या वरचं बाळ, फोर्सेप्स किंवा व्हॅक्यूम, बाळाचं तोंड वरच्या बाजूला असणं, कळा देण्याचा टप्पा लांबणं यांनी धोका वाढतो. ब्रिटनमधल्या पाहण्यांत आशियाई वंशाच्या स्त्रियांनाही तो जास्त दिसला आहे. चिमटे आणि व्हॅक्यूम यांत चिमट्यांचा धोका अधिक.

आणि ज्या इजा त्या वेळी दिसतच नाहीत त्यांचं काय? लंडनमध्ये डॉ. अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी करून पाहिलं. योनीमार्गे पहिल्यांदा बाळंत झालेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांच्या स्फिंक्टरमध्ये दोष आढळला. त्यातल्या बहुतेकींची इजा प्रसूतीच्या वेळी कुणाच्या लक्षातही आली नव्हती. म्हणूनच टाके घालण्याआधी गुदद्वारातून बोटाने तपासणी करावी, असं आता सांगितलं जातं. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे किती जणींना हे होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, सिझेरियनचे आकडे आहेत: देशात २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४ टक्के, देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. हे आकडे दर वेळी मथळ्यात येतात, आमच्या डेस्कनेही दिले आहेत. टेअरचा रकाना त्या पाहणीत नाही.

“मुलगी लहान आहे, नाही जमणार”

ताईने मला खरं सांगितलं ते तीन वर्षांनी. तोवर ती लग्नाला जायची नाही, गेली तर जेवायची नाही. एसटीचा लांबचा प्रवास टाळायची. सगळ्यांना कारण एकच: मुलगी लहान आहे. खरं कारण असं की तिला गॅस आवरता येत नव्हता आणि संडासची जाणीव झाली की बाथरूमपर्यंत पोचायला फार थोडा वेळ असायचा. “दोनदा नाही पोचले,” ती म्हणाली. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

ही लक्षणं निर्णयासाठी फार उपयोगी असतात, त्यामुळे ती लाजून गिळू नयेत. घाई आवरत नसेल तर बहुधा बाहेरचा स्नायू अशक्त आहे. न कळत थोडं गळत असेल, कपड्याला डाग पडत असतील, तर आतल्या स्नायूकडे पाहावं लागतं. शरीरसंबंधाच्या वेळी होणारं दुखणंही यात आलं. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही. ओपीडीत मागे पाच बायका उभ्या असताना तर नाहीच.

चांगली बाजूही सांगायला हवी. इजा ओळखून नीट शिवली गेली तर वर्षभराने शंभरातल्या ६० ते ८० जणींना काहीही त्रास नसतो, असं रॉयल कॉलेज सांगतं. त्यासाठी शिवण थिएटरमध्ये, पुरेशा उजेडात, नीट भूल देऊन व्हावी लागते. नंतर प्रतिजैविकं, शौच मऊ ठेवणारं औषध आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. गॅस रोखताना जे आकसतं तेच हळू आवळायचं, धरायचं, सोडायचं. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी शिकून घ्यावं, कारण पुष्कळ जणी भलताच स्नायू आवळत बसतात.

इथे आपल्या बाळंतिणीच्या खोलीचंही थोडं बोलायला हवं. डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी, सगळं प्रेमाने होतं. पण काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटेल म्हणून. जिचा स्फिंक्टर नुकता शिवला आहे तिला बद्धकोष्ठ होणं म्हणजे ताज्या शिवणीवर जोर. मावशीनेही हेच केलं होतं. तिला दोष कसा देणार? टाके कुठे पडले हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दुसऱ्या वेळी काय?

दुसरं बाळ म्हटलं की दोन तयार उत्तरं समोर येतात. सासरहून, “पहिली नॉर्मल झाली, दुसरी तर पटकन होईल.” मैत्रिणीकडून, “वेडी आहेस का, आता सरळ सिझर.” दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी तिला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

आकडे काय म्हणतात? एकदा अशी इजा झालेल्या बाईला पुढच्या योनीमार्गे प्रसूतीत पुन्हा तशीच इजा होण्याची शक्यता शंभरात पाच ते सात धरली जाते. वरचा पहिलटकरणीचा आकडा आठवा, तोही सहाच्या आसपास. म्हणजे धोका साधारण पहिल्या वेळेइतकाच, आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक जणींना ती इजा पुन्हा होत नाही. हे ऐकून ताईला आश्चर्य वाटलं. मलाही. आम्ही दोघी निम्मी-निम्मी शक्यता धरून बसलो होतो.

पण एक मेख आहे. पहिलटकरणीकडे पूर्ण स्नायू शिल्लक असतो, हिच्याकडे दुरुस्त केलेला. धोक्याचा आकडा तोच असला तरी पुन्हा इजा झालीच तर हिचं नुकसान जास्त. शिवाय नवा टेअर न होताही काही जणींचा जुना त्रास दुसऱ्या प्रसूतीनंतर वाढतो. म्हणून सरासरीवर निर्णय घेता येत नाही. त्या बाईचा स्नायू आज कसा आहे ते पाहावं लागतं.

ते पाहण्याचे मार्ग आहेत. एक म्हणजे तिला नीट विचारणं. दुसरं, तपासणी. तिसरं, गुदद्वाराच्या आतून केलेली सोनोग्राफी आणि स्नायूचा दाब मोजणारी मॅनोमेट्री. या दोन चाचण्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सहसा नसतात. मोठ्या शहरांतल्या पोटविकार किंवा कोलोरेक्टल विभागांत विचारावं. गरोदरपणाआधी केलेल्या बऱ्या. आपण मात्र दिवस राहिल्यावर धावतो.

त्रास नाही आणि चाचण्याही ठीक आहेत, अशा बाईने योनीमार्गे प्रसूतीचा विचार करायला हरकत नसते. त्रास आहे किंवा चाचणीत दोष दिसतो, तिच्यासमोर नियोजित सिझेरियनचा पर्याय मांडायलाच हवा, असं रॉयल कॉलेजच्या सूचना म्हणतात. ‘मांडायला हवा’ म्हणजे ‘करायलाच हवं’ असं नाही. माझ्या ऑफिसमधल्या एका सहकारी मैत्रिणीलाही पहिल्या वेळी थर्ड डिग्री टेअर झाला होता. तिला कसलाही त्रास नव्हता. दुसरं बाळ तिने योनीमार्गेच जन्माला घातलं, साध्या दुसऱ्या डिग्रीवर सुटली. इजेचं नाव तेच, निर्णय वेगळा, आणि तिच्यापुरता बरोबर.

सिझर म्हणजे सुटका?

नियोजित सिझेरियन नवा टेअर टाळतं. झालेली इजा मात्र भरून काढत नाही. ताईची घाईची लक्षणं सिझरनंतरही राहू शकतात. त्याशिवाय ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी हे धोके आले, आणि घरी आल्यावर मोठं मूल उचलून घेता येत नाही, ज्याचा विचार कुणीच करत नाही. तिसरं मूल हवं असेल तर गणित आणखी बदलतं. पुढच्या गरोदरपणात वार खाली, जुन्या व्रणावर चिकटण्याचा किंवा गर्भाशयात खोल रुतण्याचा धोका प्रत्येक सिझरगणिक वाढत जातो. हेही तिला सांगितलं गेलं पाहिजे.

आणि भीती? काही बायकांना लेबर रूमच्या नुसत्या आठवणीने घाम फुटतो. त्यांना “घाबरू नकोस” सांगून काही होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की भीती हेही निर्णयातलं एक वैद्यकीय कारणच मानलं पाहिजे, नखरे नव्हेत. तेव्हाच्या ब्रिटिश खासदार थिओ क्लार्क यांना २०२२ मधल्या प्रसूतीत थर्ड डिग्री टेअर झाला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या संसदेत उभ्या राहून त्याबद्दल बोलल्या. त्यानंतर त्यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय चौकशी झाली, तेराशेहून अधिक मातांनी आपले अनुभव पाठवले आणि मे २०२४ मध्ये अहवाल आला. आपल्या विधानसभेत एखाद्या आमदाराने हा शब्द उच्चारल्याचं मला तरी आठवत नाही.

योनीमार्गे ठरलं तर लेबर रूममध्ये काय मागायचं?

बऱ्याच जणींना वाटतं, या वेळी आधीच कट घेतला की टेअर होणार नाही. असा सरसकट कट देण्याला पुरावा नाही. गरज पडली तरच द्यावा, आणि तो मध्यरेषेपासून साधारण ६० अंशांच्या कोनात, तिरका. सरळ खाली दिलेला कट स्फिंक्टरकडेच जातो. (कोनमापक शेवटी बारावीनंतर इथे कामाला आला.) जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट कट देऊ नये असंच सांगते.

उपयोगी गोष्टी साध्या आहेत. बाळाचं डोकं दिसू लागलं की त्या जागी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं धरणं. हाताने आधार देणं. डोकं हळू बाहेर येऊ देणं. त्या क्षणी “जोर लाव” असा ओरडा नको, उलट फुंकर मारल्यासारखा श्वास घ्यायला लावावा. टेबलावर पाय अडकवून उताणं झोपण्याऐवजी कुशीवर होता येतं का ते आधीच विचारून ठेवावं. आणि पोटावर दाब नको. आपल्याकडे कुणीतरी स्टुलावर चढून पोट दाबतं, हे अनेक जणींनी अनुभवलं आहे. ती पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत म्हटलं आहे. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत त्या जागेचा मसाज सुचवला जातो. त्याचा फायदा मुख्यतः पहिलटकरणींमध्ये दिसला आहे. करायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये.

गरोदरपणातली साखर ताब्यात ठेवणं यात मोडतं, कारण साखर वाढली की बाळ मोठं होतं. बाळ खरंच मोठं वाटत असेल किंवा पुन्हा चिमटे लावायची वेळ येईल असं दिसलं, तर बेत केव्हा बदलायचा हेही आधी बोलून ठेवावं. कळांमध्ये ती चर्चा होत नाही.

बहात्तर तास आणि तीन वर्षं

आता त्या न लिहिलेल्या ओळीकडे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. दाखल रुग्णांचे कागद जपण्याची मुदत त्याच नियमांत तीन वर्षं आहे. दोन मुलांत आपण सुचवतो ते अंतरही तीन वर्षांचंच. म्हणजे दुसऱ्या वेळी ज्या कागदाची गरज पडते तो नेमका तेव्हाच रद्दीत गेलेला असू शकतो, आणि तोही नियमाला धरून.

सरकारने काय करावं याची यादी मी देत बसत नाही. एकच मागणी पुरे: डिस्चार्ज कार्डवर टेअरची डिग्री लिहिणं सक्तीचं करा. एक रकाना. वजन, वेळ, रक्तगट लिहितातच ना?

तोवर बाळंतिणीच्या नवऱ्याने, आईने, बहिणीने हे करावं. थिएटरमध्ये टाके घातले असतील तर घरी जायच्या आधी विचारावं: कितवी डिग्री, ए-बी-सी कोणतं, कुणी शिवलं, कोणती भूल, फेरतपासणी केव्हा? शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी आणि मोबाइलवर फोटो काढून दोघा-तिघांना पाठवावी. सहा ते बारा आठवड्यांनी तपासणीला जावं, तेही फक्त बाळाच्या लसीसाठी नाही.

ताईची सोनोग्राफी झाली. बाहेरच्या स्नायूत फट दिसते, त्यावरून डॉक्टर मॅडमनी अंदाज बांधला: ३बी. त्यांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले, आकडे सांगितले आणि आठवडाभर विचार करायला दिला. भावजींना ताईने त्या आठवड्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणून तू माझ्या भावाच्या लग्नात जेवली नव्हतीस?” तिसरं मूल नको हे दोघांचं ठरलेलंच होतं. तिने नियोजित सिझेरियन निवडलं आहे, एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर. नव्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं आहे: मागील प्रसूती २०२१, व्हॅक्यूम, ३बी टेअर (सोनोग्राफीवरून), लक्षणे आहेत. मी त्या पानाचा फोटो काढून मावशीला पाठवला. तिचा लगेच फोन आला, “हे तेव्हाच का नाही लिहिलं गं?”